शनिवारच्या योगवर्गाबाबत सूचना

सर्व शिक्षक-सदस्यांना नमस्कार. येरवड्याच्या निरीक्षणगृहातल्या (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवतात तिथल्या) मुलांचा वर्ग येत्या शनिवारी सकाळी ८ वाजता आहे. ओळखपत्र जवळ ठेवा. योगासाठीचे पट्टे आणू नका, सतरंज्या पुरेत.

कळकळीची विनंती: आसन सुधारायला मुलाला हात लावू नका. मार खाल्लेलं पोर मागून हात लागला की दचकतं आणि मग त्याचं अंग काही सैल होत नाही. समोर उभं राहून करून दाखवा. डोळे मिटण्याची सक्ती नको. ज्याला नको वाटेल त्याने समोरच्या फरशीकडे बघावं. भिंतीला पाठ टेकून बसला, शवासनात पालथा झोपला, तरी चालेल. श्वास रोखायला लावू नका, सोडताना जरा लांबवायचा, एवढंच.

कोणावर काय आरोप आहे हे विचारायचं नाही. मुलाची ओळख पटेल असं नाव, फोटो किंवा माहिती कुठेही टाकणं हा बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या ग्रुपवरसुद्धा नको.

यायला जमणार नसेल तर शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा, म्हणजे बदली शिक्षक पाठवता येईल. मुलं वाट बघतात.