दुर्मिळ पुस्तकांच्या शोधासाठी एक सदर हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आवृत्ती संपून गेलेले एखादे मराठी पुस्तक वर्षानुवर्षे शोधणारे वाचक गावोगाव आहेत. ते पुस्तक हाती येते तेव्हाचा आनंद वेगळाच असतो, आणि तो जास्त लोकांना मिळावा असे आम्हाला मनापासून वाटते. अडचण अशी की बहुतेकांचा शोध उलट्या टोकाने सुरू होतो. नाव अर्धवट आठवते, तेवढ्यावर माणूस थेट जुन्या पुस्तकांच्या दुकानात जातो, विक्रेता मान हलवतो आणि शोध तिथेच संपतो. खरे तर दुकानाची पायरी चढण्यापूर्वी पुस्तकाची पक्की नोंद हातात हवी. निम्मी पुस्तके ही नोंद करतानाच सापडू लागतात.

नोंदीत पुस्तकाचे पूर्ण नाव, लेखकाचे नाव आद्याक्षरांसह, आवृत्ती, वर्ष, प्रकाशक, छापखाना, पृष्ठसंख्या आणि ते कोणत्या मालेतले आहे, एवढे असावे. नाव शीर्षकपृष्ठावरून घ्यावे, कारण वेष्टनावरचे नाव पुष्कळदा आखूड केलेले असते. लेखकाचे टोपणनावही लिहून ठेवावे. गडकऱ्यांचे विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाने आणि कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आहे. मालतीबाई बेडेकरांची पुस्तके ग्रंथालयांच्या काही तालिकांत (पुस्तकांच्या नोंदींच्या याद्यांत) बेडेकरांखाली, तर काहींत विभावरी शिरूरकर या नावाखाली लागलेली असतात. एका नावाखाली नोंद नाही म्हणून ग्रंथालयात पुस्तकच नाही, असे समजू नये.

जुन्या पुस्तकांवर बहुधा शके असतो. त्यात 78 मिळवले की इसवी सन येतो, आणि पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या पुस्तकाला बहुधा 79 मिळवावे लागतात. म्हणजे शके 1829 म्हणजे 1907 किंवा 1908. हा एका वर्षाचा फरक लक्षात न घेतल्याने एकाच आवृत्तीच्या दोन आवृत्त्या झालेल्या याद्यांतून दिसतात.

नोंद पक्की करायला सगळ्यात मोठा आधार शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा. पहिला भाग 1800 ते 1937 आणि दुसरा 1938 ते 1950 या काळातल्या पुस्तकांचा. मराठी पुस्तक शोधणाऱ्याने दाते सूची उघडल्याशिवाय पुढे जाऊच नये. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांसाठी ब्लूमहार्ट यांनी 1892 साली केलेली ब्रिटिश म्युझियममधील मराठी-गुजराती पुस्तकांची यादीही उपयोगी पडते. याहून बारीक माहिती 1867 च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणीच्या कायद्याखाली पूर्वी निघणाऱ्या त्रैमासिक याद्यांत मिळते. मुद्रक कोण, आकार काय, पाने किती, किंमत काय आणि त्या आवृत्तीच्या प्रती किती छापल्या, हे सगळे तिथे नोंदवायचे असे. प्रतींचा आकडा कळला की शोध किती अवघड जाणार याचा अंदाज येतो. त्याच प्रकाशकाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरील जाहिरातीही वाचाव्यात. आपण एक समजत असलेल्या पुस्तकाचा दुसरा भागही निघाला होता, हे कित्येकदा तिथेच कळते. वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांतले ‘साभार पोच’ हे सदर पुस्तक केव्हा बाहेर पडले ते महिन्यापर्यंत सांगते.

संगणकावर शोधणाऱ्यांना एक खास अडचण येते आणि तिचे कारण फार थोड्यांना ठाऊक असते. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी बरेच अनुस्वार गेले. राजवाड्यांच्या 22 खंडांच्या मालेचे नाव ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ असे छापलेले आहे. ‘साधने’ लिहून शोधले तर काही तालिका ‘साधनें’ दाखवत नाहीत. म्हणून दोन्ही रूपांनी शोधावे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ अशा शब्दांतला अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकित होतो. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, यंत्राला मात्र वेगळा वाटतो. असा शब्द गाळून नावातला एखादा साधा शब्द आणि लेखकाचे आडनाव घालावे. इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची हजारो पुस्तके आहेत, पण त्यांची नावे रोमन लिपीत आणि मनमानी वर्णलेखनाने भरलेली आहेत. ‘इतिहास’ शोधताना एक ए (itihas) आणि दोन ए (itihaas), दोन्ही घालून पाहावेत. काही फायलींवर नाव एका पुस्तकाचे आणि आत दुसरेच पुस्तक असते, तेव्हा शीर्षकपृष्ठ पाहिल्याशिवाय हाती लागले म्हणू नये.

यानंतर ग्रंथालये. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे, मुंबईचे 1898 चे. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय 1832 पासूनचे. पुस्तक कुठे छापले आणि लेखक कुठे राहिला, त्या गावापासून सुरुवात करावी. सयाजीरावांच्या आश्रयाने निघालेल्या ‘सयाजी साहित्यमाले’तले पुस्तक पुण्यात न मिळाले तरी बडोद्यात मिळण्याची आशा असते. इंदूर आणि हैदराबादच्या मराठी संस्थांना पत्र टाकायला लोक विसरतात. 1954 च्या कायद्यानंतरच्या पुस्तकांच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांच्याकडे जाणे बंधनकारक आहे. सगळ्या प्रकाशकांनी ते पाळले नाही, तरी विचारून पाहण्यासारखे आहे. ग्रंथपालांना दोन ओळींत पूर्ण नोंद पाठवली की उत्तर येते. ‘जुनी पुस्तके आहेत का’ असे मोघम विचारले तर ते बिचारे काय सांगणार?

आता रस्त्यावरचा शोध, जो सगळ्यांनाच सगळ्यात आवडतो. मुंबईत फाउंटन आणि माटुंग्याचे किंग्ज सर्कल, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि प्रत्येक गावातले रद्दीवाले. दिवाळीपूर्वीची साफसफाई आणि जुन्या वाड्यांचे पाडकाम या वेळी रद्दीत चांगला माल येतो. पुस्तकाचे नाव कण्यावर दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. कणा फाटलेली, कोऱ्या जाड पुठ्ठ्याची पुस्तके आधी उघडावीत. पूर्वी चार-पाच पातळ नाटके किंवा पुस्तिका एकत्र बांधून घेत, आणि बाहेर फक्त पहिलीचे नाव टाकत किंवा तेही टाकत नसत. कित्येक वर्षे न सापडलेली पुस्तिका अशा बांधीव गठ्ठ्यात तिसऱ्या क्रमांकावर निघते, तो क्षण या छंदातला सर्वांत गोड.

प्रत हातात आल्यावर घाई करू नये. शीर्षकपृष्ठ आणि त्याची मागची बाजू पाहून आवृत्ती ताडावी. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चे उदाहरण घ्या. 1907 ची चिंतामणराव वैद्यांची आवृत्ती त्यांनी फेरफार करून छापली होती आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती 1966 ची. अभ्यासकाला दोन्ही हव्यात, पण एकीच्या जागी दुसरी घेऊन चालत नाही. मग फर्मे, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांचे गट, मोजावेत. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. सोळा पानांचा फर्मा असेल तर 1, 17, 33 या पानांवर तो क्रमाने दिसला पाहिजे. पाने गळतात ती बहुधा सबंध फर्म्याने किंवा अगदी शेवटची. चित्रे आणि नकाशे वेगळ्या कागदावर छापून चिकटवलेले असत, म्हणून ते पहिल्यांदा नाहीसे होतात. चित्रसूची असेल तर एकेक जुळवून घ्यावे.

कागदाचा विचार वर्षानुसार करावा लागतो. 1860-70 च्या चिंध्यांपासून केलेल्या कागदाची पाने आजही लवचिक असतात, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईच्या काळातली पाने बोट लावताच तुटतात. लाकडाच्या लगद्यात लिग्निन राहते आणि तुरटी वापरल्यामुळे कागदात आम्ल तयार होते, हे त्याचे कारण. असे पुस्तक पूर्ण 180 अंशांत उघडू नये. तारेने टाचलेले असेल तर गंजाचे डाग शिवणीपाशी पाहावेत, पाने तिथूनच सुटतात. ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि ‘निर्लेखित’ (संग्रहातून काढून टाकलेले) असा शेरा नसेल, तर घेण्यापूर्वी त्या ग्रंथालयाला जरूर कळवावे.

घरी आणलेले पुस्तक लगेच कपाटात ठेवले तर त्यातली कसर शेजारच्या पुस्तकांत शिरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून ते दोन आठवडे उणे 18 ते 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवावे आणि बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नये, नाहीतर पानांवर पाणी सुटते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणे हा पुस्तकावरचा अत्याचार आहे. त्याचा गोंद पिवळा होऊन अक्षरांत उतरतो. गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू कागद वापरावा. खळीत कीड लागू नये म्हणून बांधणीवाले मोरचूद घालतात, ते घालू देऊ नका. त्यातल्या तांब्यामुळे कागद लवकर ठिसूळ होतो. बांधणीला देताना ‘कडा कापायच्या नाहीत, मूळ वेष्टन फेकायचे नाही’ असे कागदावर लिहून द्यावे. दीनानाथ दलालांची किती मुखपृष्ठे ग्रंथालयांच्या जाड बांधणीत फाडून टाकली गेली असतील, याचा विचार केला तरी जीव कळवळतो.

ग्रंथालयांना आमची विनंती आहे की निर्लेखन करण्यापूर्वी त्या पुस्तकांची यादी महिनाभर फलकावर लावावी. ज्या घरांत वडीलधारी माणसे गेल्यावर पुस्तकांचा प्रश्न पडतो, त्यांनी रद्दीवाल्याला बोलावण्याआधी शीर्षकपृष्ठांचे फोटो काढून जवळच्या ग्रंथालयाला पाठवावेत. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून मोजून 60 वर्षे उलटली असतील तर पुस्तक हक्कमुक्त होते, आणि मग ते 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके) स्कॅन करून सर्वांसाठी ठेवता येते. मराठी विकिस्रोत हे इंटरनेटवरचे मुक्त ग्रंथालय त्यासाठीच आहे.

आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी की रविवारच्या अंकात ‘पुस्तक हवे आहे’ असे चार इंचांचे सदर सुरू करावे. वाचकांचे पत्ते न छापता पत्रव्यवहार कार्यालयामार्फत करता येईल. मजकूर एवढाच पुरे: पुस्तकाचे पूर्ण नाव, लेखक, आवृत्ती आणि वर्ष, प्रकाशनाचे गाव, आणि प्रत विकत हवी की नुसती पाहायला मिळाली तरी चालेल. शेवटची ओळ महत्त्वाची आहे, कारण ज्यांना आपली प्रत विकायची नाही असे पुष्कळ लोक ती दाखवायला आनंदाने तयार असतात.

आपले,
जुन्या पुस्तकांचे काही शोधक, पुणे