चिऊ, यंदा कुकीज घरीच कर

चि. चिऊस, आप्पांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की शेजारच्या गोव्याच्या काकूंकडून दर नाताळला ताट येतं, कुलकुल, नेवऱ्या, केकचा तुकडा, आणि आपण त्यांना काय द्यायचं कळत नाही म्हणून यंदा ऑनलाइन कुकीजचा एखादा छान बॉक्स मागवतीस. तू घाईत होतीस म्हणून तेव्हा काही बोललो नाही, पण मनात तेच घोळतंय, म्हणून आज सविस्तर लिहितो. चिऊ, बॉक्स नको मागवू. त्या काकू डिसेंबर लागल्यापासून खपून हातानं करतात आणि त्यातलं तुमच्यासाठी काढून ठेवतात. त्यांचं ताट परत देताना रिकामं द्यायचं नाही हे तर तुला आजीनंच शिकवलंय, पण त्यात काय घालायचं हेही बघायला पाहिजे की. घरात ओटीजी आहे, छोटूला नाताळची सुट्टी आहे, तुझीही शनिवार-रविवार धरून जरा सवड आहे. घरीच कर. मी सांगतो तसं कर, बिघडणार नाही.

माझं आयुष्य भट्टीसमोर गेलं त्यामुळे हे मी अगदी खात्रीनं सांगू शकतो की बिस्किट, नानकटाई, कुकी काय म्हणायचं ते म्हण, ह्यात अवघड काहीच नाही, फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या, एक म्हणजे तूप-लोणी चांगलं पाहिजे आणि दुसरं म्हणजे ताव, म्हणजे भट्टीची आच, बरोबर पाहिजे. बाकी सगळं पोरगं पण करतं.

तू लहान होतीस तेव्हा डिसेंबरात आपल्या भट्टीवर काय गर्दी असायची आठवतंय का? दिवाळीला आणि मे महिन्यात सगळीच लोकं यायची, घरचा गहू दळून आणायची, साखर, डालडा, दूध सगळं आपलं आपण, आणि आपण फक्त मशीनमधून बिस्किटं काढून भाजून द्यायचो. पण डिसेंबरची गर्दी वेगळी. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या बाजूची, वानलेसवाडीकडची मंडळी यायची. ते हॉस्पिटल १८९४ साली डॉ. वानलेस यांनी सुरू केलं, त्यामुळे आपल्याकडे ख्रिस्ती घरं पिढ्यानपिढ्या आहेत आणि त्यांचा नाताळ म्हणजे आपल्या दिवाळीसारखाच फराळ, करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या घरी आणि नानकटाई भट्टीवर. बायका स्टीलचे डबे घेऊन यायच्या, प्रत्येक डब्यात कागदाची चिठ्ठी, तीच चिठ्ठी आम्ही पत्र्याच्या कोपऱ्यात ठेवायचो म्हणजे एकाचं दुसऱ्याकडे जाऊ नये. त्यात एक सिस्टरमावशी होत्या, ड्युटी संपवून पांढऱ्या साडीतच यायच्या. त्यांचं पीठ उघडलं की जायफळाचा वास आधी यायचा. घरच्या म्हशीच्या लोण्याचं कढवलेलं तूप, त्यात साखर हातानं फेसलेली, इतकी की बोटावर घेतली तर कण लागत नव्हता. भट्टीवर बाकीच्यांचं डालड्याचं आणि त्यांचं तुपाचं, दोन्ही एकाच तावावर भाजायचे, आणि बाहेर काढल्यावर डोळे झाकून सांगता यायचं कुठलं कुणाचं. घरोघरी कॅरोल म्हणत रात्री पोरं येतात त्यांच्या हातावर ठेवायला म्हणून त्या एवढ्या करायच्या, आणि त्यातल्या आपल्याला पण द्यायच्या, पैसे देऊन वर नानकटाई.

म्हणून पहिलं सांगणं, डालडा किंवा स्वस्तातलं मार्जरीन अजिबात वापरू नकोस. पूर्वी सगळ्याच भट्ट्यांवर तेच चालायचं. २०२२ सालापासून सरकारने खाद्यतेल आणि वनस्पतीमध्ये ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली तेव्हा कुठं ते जरा आवरलं. पण मर्यादा असली म्हणून चव येत नाही. वनस्पती तोंडात टाळ्याला चिकटतं, तूप-लोणी विरघळतं. फरक एवढाच आणि तोच सगळा आहे.

आता दोन प्रकार सांगतो, दोन्ही कर म्हणजे ताट भरल्यासारखं दिसतं.

नानकटाईला १०० ग्रॅम तूप घे, घट्ट थिजलेलं पाहिजे, पातळ नको. सांगलीला डिसेंबरात सकाळी तूप आपोआप दगडासारखं होतं पण तुमच्या ठाण्यात होणार नाही, म्हणून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेव आणि बोटानं दाबलं की खळगा पडेल इतपत झालं की काढ. त्यात १०० ग्रॅम पिठीसाखर घालून फेस. हाताच्या तळव्यानं परातीत फेस, बीटर आहे म्हणून बीटरनं कर पण शेवटी हात लाव, कारण कधी थांबायचं ते हातालाच कळतं, रंग पांढरट होतो आणि मिश्रण हलकं होतं, त्यात हवा धरलेली असते आणि भट्टीत तीच हवा फुलते. मग १२५ ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम बेसन, ३० ग्रॅम बारीक रवा, पाव चमचा सोडा, चमचाभर दही, वेलची-जायफळ, आणि गोळा होईपर्यंतच हात फिरव. मळू नकोस. कणकेसारखं मळलंस की मैद्यात चिकटपणा येतो आणि नानकटाई खुसखुशीत न होता चिवट होते, हे मी किती पोरांना शिकवलं असेल, नवीन पोरगं आलं की जोर लावून मळायलाच बसायचं. गोळ्या करून जरा चपट्या कर, मधे पिस्त्याचा नाहीतर बदामाचा तुकडा दाब. १६० डिग्रीला १८ ते २० मिनिटं. कडेला चिरा पडल्या, खालून गुलाबी झाली की झाली. वरून लाल व्हायची वाट बघितलीस तर खालून करपते.

दुसरा प्रकार गूळ-आल्याचा. परदेशात नाताळला आलं, दालचिनी, लवंग घालून जी बिस्किटं करतात, माणसाच्या आकाराची, चांदणीची, तसलीच, पण आपल्या मालावर फार सुंदर होतात बघ. आपल्याकडे गूळ आहे, आलं शेजारच्या साताऱ्याचं आहे, बेदाणे तासगावचे आहेत, आणखी काय पाहिजे? ह्याला १५० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम बटर, १२५ ग्रॅम बारीक किसलेला गूळ, दीड चमचा सुंठ आणि वर एक चमचा ताजं आलं किसून, एक चमचा दालचिनी पावडर, तीन-चार लवंगा कुटून, अर्धा चमचा सोडा, दोन मोठे चमचे दूध. नेहमीचं पिवळं बटर खारवलेलं असतं तर मीठ घालू नकोस, बिनमिठाचं असलं तर चिमूट घाल. गूळ-बटर आधी एकजीव करायचं, गुळाचा खडा राहिला तर भाजताना तो वितळतो आणि तिथं भोक पडतं. गोळा करून प्लास्टिकमध्ये गुंडाळून एक तास फ्रीजमध्ये. हा एक तास चुकवू नकोस, लोक घाई करतात आणि मग म्हणतात कुकी पसरली, चांदणी केली होती आणि बाहेर आली भाकरी. फ्रीजमध्ये बटर घट्ट होतं, पीठ ओल शोषून घेतं, मग आकार टिकतो.

लाटताना अर्ध्या सेंटीमीटरची जाडी ठेव, सगळीकडे सारखी, एका बाजूला पातळ झालं तर ती बाजू आधी करपते. साचे विकत आणायची गरज नाही. सिस्टरमावशी स्टीलच्या वाटीच्या कडेनं गोल कापायच्या आणि मग करंजीच्या कातण्यानं कडेला नक्षी काढायच्या, तेवढ्यानं सुद्धा पोरं खूश व्हायची. छोटूला चांदणी पाहिजे असेल तर जाड पुठ्ठ्याची कापून दे, वर ठेवून सुरीच्या टोकानं फिरव. डोळे करायला बेदाणे लाव पण वरवर चिकटवू नकोस, पिठात चांगले दाबून बसव, उघडा बेदाणा ओव्हनमध्ये फुगतो आणि कडू करपतो. १७५ डिग्रीला १० ते १२ मिनिटं. काढल्यावर मऊ लागतील, घाबरू नकोस आणि परत आत ढकलू नकोस. गरम असताना त्या मऊच असतात, पत्र्यावर पाच मिनिटं थांबल्या की उचलायच्या आणि जाळीवर गार करायच्या, मग कडक होतात. दुसऱ्या दिवशी आल्याची चव जास्त मुरते म्हणून ह्या २३ तारखेलाच करून ठेव.

आता ताव. हे नीट वाच. भट्टीत आम्ही बाभळीची लाकडं जाळून आतल्या विटा तापवायचो, मग निखारे बाजूला ओढून आधी पाव, मग खारी, आणि सगळ्यात शेवटी ताव पडत आला की नानकटाई. मीटर वगैरे काही नव्हतं, चिमूटभर मैदा आत टाकायचा, किती वेळात लाल होतो त्यावरून कळायचं. तुझ्या ओटीजीचं बटण १८० म्हणतं पण आत १८० असेलच असं नाही, छोट्या ओव्हनमध्ये मागं-पुढं होतंच, आणि मागच्या बाजूला जास्त तापतं. म्हणून पंधरा मिनिटं आधी चालू कर, पहिल्या खेपेला फक्त चारच कुकीज टाक आणि समोर उभी राहून बघ. त्या चार कुकीजवरून तुझ्या ओव्हनचा स्वभाव कळेल, मग सगळा ट्रे टाक. मधल्या खाचेत ट्रे ठेवायचा आणि अर्ध्या वेळात एकदा फिरवायचा. दोन खेपांमध्ये ट्रे गार होऊ दे, गरम पत्र्यावर कच्ची कुकी ठेवलीस की भाजायच्या आधीच वितळायला लागते.

छोटूला सगळं करू दे, लाटायला दे, कापायला दे, वाकडं झालं तर वाकडं. फक्त कच्चं पीठ चाटू देऊ नकोस, अंडं नसलं तरी कच्चा मैदा पोटाला चांगला नाही, आणि ओव्हनच्या दाराला हात लावायचा नाही हे आधीच सांग. तुला सांगतो, सुट्टीत पोरांच्या हातात मोबाईल नको म्हणून तुम्ही सगळे तक्रार करता, पण पोराला परातीसमोर बसवलं की दोन तास कसे जातात कळत नाही. तू स्वतः भट्टीच्या ओट्यावर उरलेल्या पिठाचे साप, बदकं करून पत्र्याच्या कोपऱ्यात घुसवायचीस आणि कारागीर ती पण भाजून द्यायचे.

एक गोष्ट सांगावीशी वाटते, छोटूला पण सांग. आपल्या देशात नाताळचा पहिला केक केरळात तलश्शेरीला १८८३ साली झाला असं सांगतात. एका इंग्रज मळेवाल्यानं विलायतेहून आणलेला केक मांबळ्ळी बापूंना दाखवला आणि म्हणाला असा करून दे. बापूंचा धंदा बिस्किटांचा. त्यांनी इथलाच माल घेऊन केक करून दाखवला. म्हणजे बघ, बिस्किट करणारा माणूस समोर आलेला पदार्थ बघून आपल्या मालावर उभा करतो. गूळ-आल्याच्या कुकीज करताना मला नेहमी ते आठवतं, ह्यात परकं असं काही राहत नाही.

कुकीज पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत, वाफ धरली की संपलं. नानकटाई घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे चांगली राहते. गुळाच्या जरा लवकर मऊ पडतात, गूळ ओल धरतो आणि तुमच्याकडे खाडीची दमट हवा, तर तशा झाल्याच तर १५० डिग्रीला पाच मिनिटं परत गरम कर आणि गार होऊ दे, परत कुरकुरीत. दोन्ही प्रकार एका डब्यात ठेवू नकोस, आल्याचा वास नानकटाईला लागतो.

काकूंना देताना त्यांच्याच ताटात दे, खाली केळीचं पान मिळालं तर बघ, नाहीतर साधा पांढरा रुमाल. छोटूला घेऊन जा आणि त्याच्या हातानं दे. आणि त्यांना कुलकुल कसे वळतात ते विचार, काट्याच्या मागच्या बाजूवर पिठाची गोळी गुंडाळून ते शिंपल्यासारखे करतात असं ऐकलंय, पण त्यांच्याकडून नीट बघून ये आणि मला सांग, मला खरंच शिकायचंय.

आई म्हणते वॉचमनकाका आणि कामाला येणाऱ्या मावशींचा वेगळा डबा काढ, सगळं ताट पाहुण्यातच संपवू नकोस. बरोबर आहे तिचं.

तासगावचे हिरवे बेदाणे अर्धा किलो, गुळाची एक ढेप आणि आईनं कढवलेलं तूप असं पार्सल मंगळवारी पाठवतोय. तुपाची बरणी उभीच ठेवायला सांग. पोचलं की फोन कर आणि पहिली खेप काढायच्या आधी व्हिडिओ कॉल लाव, मला पत्रा बघू दे. जावईबापूंना नमस्कार, छोटूला पापा.

तुझे,
आप्पा