चि. मृणालिनीस

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पोटात दोन दिवस दुखत होते आणि तरीही गोळी घेऊन तू रात्रपाळी केलीस, हे मला विन्याकडून कळले. याविषयी अवाक्षर लिहायचे नाही असे ठरवले आहे. म्हणून लंडनमधल्या व्हाइटचॅपलच्या तुझ्याच रुग्णालयातले एके काळचे शल्यविशारद सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांच्याविषयी लिहितो.

डॉर्चेस्टरच्या एका फर्निचरवाल्याचा हा मुलगा. लोक ज्याला 'एलिफंट मॅन' म्हणत, त्या विरूप शरीराच्या जोसेफ मेरिकला रुग्णालयात आसरा मिळाला तो त्यांच्यामुळे, आणि अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत तर इंग्लंडभर त्यांचा शब्द चाले. २६ जून १९०२ रोजी सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ठरला होता, देशोदेशीचे पाहुणे लंडनात येऊन दाखल झाले होते, आणि राजाच्या पोटात अपेंडिक्सपाशी गळू झालेले. समारंभ पुढे ढकलायला राजा मुळीच तयार नव्हता. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक, वृद्ध लिस्टर यांचाही सल्ला घेतला गेला आणि २४ तारखेला ट्रीव्ह्जनी राजवाड्यातच शस्त्रक्रिया करून पू काढला. अपेंडिक्सला हात लावला नाही. ९ ऑगस्टला राज्याभिषेक झाला. राजाला 'नाही' म्हणण्याचे ते धैर्य मला शस्त्रक्रियेहून मोठे वाटते. दुखणे अंगावर काढणाऱ्यांत राजेही असतात, आणि डॉक्टर तर त्यांच्याही वरचे!

पाहिलेस ना, आलोच तिथे. डॉक्टर मुलीला वैद्यक शिकवणारा बाप हास्यास्पद दिसतो, हे मला कळते, क्षमा कर. पण सहावीत तू अंगात ताप असताना वक्तृत्वस्पर्धेला उभी राहिलीस, ढाल घेऊन धावत घरी आलीस, आणि तुझ्या आईने कपाळाला हात लावेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. ती ढाल मी गल्लीभर मिरवली होती. आता तिथल्या शल्यविभागात तू काम करतेस, हेही मी बँकेच्या रांगेतल्या अनोळखी माणसांना सांगत असतो.

एक गोष्ट लिहिणार नव्हतो. त्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षे आधी ट्रीव्ह्जांची धाकटी मुलगी हेटी अपेंडिक्सनेच गेली. साऱ्या इंग्लंडात त्या दुखण्याचा त्यांच्याइतका जाणकार क्वचितच असेल, आणि ती त्यांच्याच घरात वाढत होती. मी तर निवृत्त इतिहासशिक्षक, आणि तू इतक्या दूर.

सोनोग्राफी सहकाऱ्याकडून करून घे. स्वतःचे निदान स्वतः करू नकोस. अहवाल मला कळणार नाही, तरी विन्याला न पाठवता मला पाठव. दुखणे परत उठले का, तेवढे आजच कळव.

तुझा,
बाबा