कोळशाचा हिशोब शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

तुमच्या घरी येऊन आभार मानायला गेलो असतो तर "चहा घे आन् गप बस" म्हणून तुम्ही विषय मिटवला असता. म्हणून हे उघड पत्र. दुसरं कारण असं की ट्रान्सआर्क्टिका हा कॉम्प्युटर गेम खेळणारी मंडळी मला सारखी विचारतात, तुझी गाडी बर्फात मध्येच थंड कशी पडत नाही? त्याचं उत्तर भुसावळच्या लोको शेडमधून, वाफेच्या इंजिनांवर हयात घालवलेल्या तुमच्याकडून आलंय, हे त्यांना कळायला हवं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रान्सच्या सिल्मारिल्स कंपनीने १९९३ साली तो काढला. अमिगा, अटारी एसटी, डॉसचे पीसी अशा जुन्या यंत्रांवर तो चालायचा, आज डॉसबॉक्स या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये चालतो. सूर्य ढगांआड गेलाय, पृथ्वी गोठलीय, गावोगावी जायला रेल्वेशिवाय दुसरी सोय नाही, आणि त्या रुळांवर व्हायकिंग युनियनची सत्ता आहे. आपल्या हाती वाफेची एक गाडी. एका गावात माल घ्यायचा, दुसऱ्या गावात विकायचा, डबे वाढवायचे, तोफा चढवायच्या, युनियनच्या गाड्यांशी लढायचं आणि सूर्य परत आणायची वाट शोधायची. या जगातलं चलन म्हणजे लिग्नाइट, एक प्रकारचा कोळसा. जो कोळसा भट्टीत टाकायचा, तोच बाजारात मोजून द्यायचा. सगळी मेख इथे आहे.

मे महिना होता, बाहेर पारा ४५ च्या वर आणि पडद्यावर नुसतं बर्फ. तुम्ही पेपर परत द्यायला आला होतात. पडद्यावरचा वाफेच्या दाबाचा काटा तुमच्या नजरेस पडला आणि तुम्ही खुर्ची ओढून बसलात. काटा कशाचा, कोळसा किती, पुढचं ठेसन किती लांब, हे तीन प्रश्न तुम्ही एका दमात विचारलेत. मी त्या वेळी तोफेचा डबा घ्यायच्या विचारात होतो. तुम्ही म्हणालात, "तोफा काबर पाह्यतो? आधी कोयसा पाह्य."

उभ्या आयुष्यात व्हिडिओ गेमला हात न लावलेल्या माणसाने एका वाक्यात या खेळाचा गाभा सांगितला. इथे गाडी हरते ती बहुतेक वेळा लढाईत हरतच नाही, त्याच्या आधीच कोळसा संपून हरते. टेंडरमधलं, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यातलं, लिग्नाइट भरपूर दिसतं म्हणून आपण बाजारात हात सैल सोडतो, आणि मग दोन गावांच्या मधोमध भट्टी विझायला लागते. तुम्ही मला कागदावर उभ्या रेघा मारून तीन रकाने करायला लावलेत: जायचा कोळसा, यायचा कोळसा आणि अडीनडीचा. हे तिन्ही वजा करून जे उरेल तेवढाच आपला पैसा. या तीन रकान्यांतलं लिग्नाइट म्हणजे इंजिनाचं पोट, त्याला हात लावायचा नाही. हा एक नियम पाळला तरी नव्या खेळाडूची निम्मी डोकेदुखी जाते, असं माझं ठाम मत आहे.

मग विषय निघाला अँथ्रासाइटचा. खेळात कोळसा दोन जातींचा आहे आणि कुठला कधी टाकायचा यावर खेळाडू खूप वाद घालतात. तुम्हाला त्यात वाद घालण्यासारखं काहीच वाटलं नाही. लिग्नाइट म्हणजे ओलसर, तपकिरी, कमी आचेचा कोळसा, तमिळनाडूत नेयवेलीला निघतो तो. अँथ्रासाइट सगळ्यात कडक, जवळजवळ नुसता कार्बन. आपल्या दीपनगरच्या वीजकेंद्राला येतो तो या दोघांच्या मधला. तुमचा सल्ला सरळ होता: रोजच्या चालीला लिग्नाइट, आणि अँथ्रासाइट राखून ठेवायचं ते पळ काढायला किंवा पाठलागाला. मागे युनियनची गाडी लागलेली असताना लिग्नाइट टाकत बसलो तर दाब चढेपर्यंत ती येऊन भिडते.

दाबावरून तुम्ही जे सांगितलंत ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. डब्ल्यूजी या मालगाडीच्या वाफेच्या इंजिनावर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, असताना काटा दर चौरस इंचाला २१० पौंडांच्या आसपास कसा धरून ठेवायचा, ते तुम्ही हातवारे करून दाखवलंत. कोळसा एकदम ढिगाने टाकायचा नाही. थोडा थोडा, पुन्हा पुन्हा, भट्टीच्या चारी कोपऱ्यांत, आणि जिथे जाळ पांढरा दिसेल तिथे आधी. धुरांड्यातून काळा धूर निघाला की समजायचं, कोळसा न जळताच वर चाललाय. ड्रायव्हर मागे वळून न बघता धुरावरून फायरमनची परीक्षा करायचा. आणि एक डोळा कायम गेज ग्लासवर, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर, कारण बॉयलरमधलं पाणी खाली गेलं तर भट्टीच्या (फायरबॉक्सच्या) माथ्यावरचा शिशाचा प्लग वितळतो. हे सांगताना तुमचा उजवा हात आपोआप कोळशाचा बेलचा (फावडं) मारल्यासारखा हलत होता.

यातलं पाणी आणि धूर खेळात कामाचं नाही. पण थोडा थोडा, पुन्हा पुन्हा, हे शंभर टक्के कामाचं आहे. घाईत भट्टी भरली की काटा धोक्याच्या खुणेकडे पळतो, मग हातातली इतर कामं टाकून त्याच्यामागे लागावं लागतं. काटा मधल्या पट्ट्यात ठेवला तर कोळसाही वाचतो आणि नकाशाकडे बघायला डोकं मोकळं राहतं.

व्यापाराचं सूत्र तुम्ही केळीवरून शिकवलंत. सावदा, निंभोरा, रावेर इथून दिल्लीकडे केळी भरून जायच्या वाघिणी तुम्ही ओढल्यात. माल चढला की सगळ्यांना आनंद, पण तुमचा प्रश्न कायम एकच, येताना काय? रिकामी गाडीसुद्धा कोळसा खातेच. तेव्हापासून मी एकेरी फायद्याचा सौदा करतच नाही. वहीत प्रत्येक गावासमोर दोन ओळी असतात, इथे काय स्वस्त मिळतं आणि इथे कशाला गिऱ्हाईक आहे. जाता-येता दोन्हीकडे माल मिळेल अशी गावांची जोडी सापडली की तिच्यावरच काही फेऱ्या मारायच्या, आणि गाठीला लिग्नाइट जमलं की मग नवे डबे. नवा डबा घेताना तो दर फेरीला काय कमावणार, एवढंच विचारायचं.

खेळात गुलामांचीही खरेदी-विक्री आहे. ते पाहून तुमचा चेहरा उतरला होता आणि तुम्ही म्हणालात, "मालगाडीत मानसं भरायची नाहीत." मी आजवर भरली नाहीत. ज्यांना झटपट कोळसा काढून हवाय ते हा मार्ग सुचवतात. त्याशिवायही खेळ नीट पुढे जातो, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच.

लढाईबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत. दोन गाड्या समांतर रुळांवर येऊन एकमेकींवर तोफा डागतात, हे रेल्वेत हयात घालवलेल्या माणसाला बघवणार कसं! पण लढाई टाळायची युक्ती तुमचीच. एकेरी लाइनीवर समोरून गाडी येऊ शकते, तेव्हा पुढचं जंक्शन कुठे आणि मागचं कुठे हे निघण्याआधीच डोक्यात पाहिजे. नकाशावर युनियनची गाडी दिसत असेल तर सांधा बदलायला जागा नसलेल्या लांब पट्ट्यात शिरायचंच नाही. सुरुवातीला हे पाळलं की पुढे लढायचं ते आपल्या सोयीने, भरल्या टेंडरने आणि पुरेशा शिपायांनिशी. प्रत्यक्ष लढाईतलं माझं स्वतःचं एवढंच: मशीनगन माणसांवर, तोफ डब्यांवर, आणि आपलं इंजिन जिवापाड जपायचं.

काका, तुम्ही क्लीनर म्हणून शेडमध्ये लागलात, फायरमन झालात, शंटर झालात, मग ड्रायव्हर. त्या सगळ्या वर्षांचं ज्ञान तुम्ही एका पोराच्या खेळासाठी, हातचं न राखता, घामाने निथळत बसून दिलंत. कुणी कधी विचारलं नव्हतं म्हणून सांगायचं राहून गेलं, असं तुम्ही त्या दिवशी म्हणालात. आता विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांचे प्रश्न मी वहीत उतरवून ठेवलेत, बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर बिघडला तर काय करायचे इथपासून रात्रपाळीत झोप कशी आवरायचे इथपर्यंत. रविवारी भरीत-भाकरी घेऊन येतो. काकूंना सांगा, स्वयंपाक करू नका.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा