"आज पीएच किती?" असं विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

तुमचे आभार मी फोनवर अनेकदा मानले, आणि दर वेळी "ते राहू दे, नोंदी काय म्हणतात ते सांग" असं म्हणून तुम्ही विषय बदललात. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. क्रीम, लोशन, सीरम बनवणाऱ्या आणि ते बिघडल्यावर नेमकं कुठे बघायचं हे न उमगणाऱ्या प्रत्येकाला तुमच्यासारखं माणूस भेटत नाही. मला भेटलं. इतक्या काळात तुम्ही मला एकदाही तयार फॉर्म्युला दिला नाहीत, आणि मी सर्वांत जास्त ऋणी आहे ती त्यासाठीच.

पायांच्या लोशनचंच घ्या. भेगाळलेल्या टाचांसाठी केलेलं, १० टक्के युरियाचं. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट. बनवलं तेव्हा लोशन देखणं होतं, पांढरंशुभ्र, बोटावर घेतलं की अलगद पसरणारं. काही आठवड्यांनी एका बरणीच्या झाकणाला आतून, आट्यांच्या खाचेत, राखाडी ठिपके दिसले. झाकण फिरवताच नाकाला किंचित झोंबणारा वासही आला. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचं उत्तर एकच: प्रिझर्व्हेटिव्ह वाढव. तुम्ही विचारलंत, "पीएच किती?" मी म्हटलं, बनवलं त्या दिवशी ४.८. "आणि आज?"

मोजला, तर ७ च्या जवळ, म्हणजे आम्लपणा जवळजवळ गेलेला.

पुढे तुम्ही जे समजावलंत त्याने माझी या कामाकडे बघण्याची नजरच बदलली. सोडियम बेंझोएट त्या रूपात जंतूंचं फारसं काही बिघडवत नाही. आम्लधर्मी पाण्यात त्याचं बेंझॉइक आम्ल होतं, आणि विद्युतभार नसलेलं हे आम्लच सूक्ष्मजीवांच्या पेशीत शिरू शकतं. बेंझॉइक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला आम्ल निम्मं भाररहित आणि निम्मं भारित असतं तो आकडा) ४.२. म्हणजे पीएच ४.२ असेल तर निम्मं बेंझोएट कामाच्या रूपात असतं, ५.२ ला जेमतेम ९ टक्के, आणि ६.२ ला १ टक्का. सॉर्बिक आम्लाचा पीकेए ४.७६, त्यामुळे ते जरा वरपर्यंत तग धरतं, पण पीएच ७ ला त्याचाही १ टक्कासुद्धा उपयोगाचा उरत नाही. हे आकडे तुम्ही मला आयते दिले नाहीत. सूत्र सांगितलंत आणि पीएच ४ पासून ७ पर्यंतचा तक्ता माझ्याकडून करून घेतलात. एकेका ओळीला आकडा घसरत गेला, तसं लक्षात आलं की बरणीत प्रिझर्व्हेटिव्ह होतं तेवढंच होतं, त्याचं काम मात्र बंद पडलं होतं. दुप्पट घालून नगण्याचं दुप्पट झालं असतं, इतकंच. शिवाय युरोपीय नियमांत त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांसाठी बेंझोएटची मर्यादा आम्लाच्या हिशोबाने ०.५ टक्के आहे, तेव्हा ती वाट तशीही फार लांब जाणारी नव्हती.

मग पीएच वर ढकलला कोणी? तुम्ही म्हणालात, "त्या वासाला विचार." तो अमोनियाचा होता. १८२८ साली फ्रीडरिश व्योलर यांनी अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला, हे शाळा-कॉलेजात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण पाण्यात युरिया थोडा थोडा त्याच वाटेने उलटा जातो, सायनेटचं पुढे विघटन होतं, अमोनिया तयार होतो आणि पीएच चढत राहतो. उष्णतेने हे सगळं वेगाने होतं. प्रयोगशाळेच्या इतिहासातली एक प्रसिद्ध अभिक्रिया माझ्या बरणीत मागे मागे चालली होती, हे ऐकून मी किती हरखले होते ते तुम्हाला आठवत असेल. तोट्याचं दुःख त्या दिवशी खरंच जाणवलं नाही.

तुम्ही मात्र लगेच बजावलंत की ही अजून अटकळ आहे, तिला निदान म्हणायचं नाही. त्यासाठी एकाच वेळी तीन बॅचेस लावायला सांगितल्यात: एकीत युरियाच नाही आणि बाकी सगळं तसंच, दुसरी जशीच्या तशी जुनी, तिसरीत युरियासोबत सायट्रेटचं बफर (पीएच सहजी हलू न देणारं मिश्रण). सायट्रेटच का, तर सायट्रिक आम्लाचा दुसरा पीकेए ४.७६ च्या आसपास, अगदी मला हवा तिथे. तिन्ही ४० अंश सेल्सिअसला, आणि दर आठवड्याला पीएच. युरिया नसलेली बॅच जागची हलली नाही. जुनी चढत गेली. बफरवाली चढली, पण फार सावकाश. तेव्हा कुठे तुम्ही "आता बोलू" म्हणालात. पुढच्या बॅचमध्ये ग्लुकोनोलॅक्टोन आलं, जे पाण्यात हळूहळू ग्लुकॉनिक आम्ल होत जातं आणि वाढत्या अमोनियाला तोंड देत राहतं. आणि युरिया गरम भागात न घालता मिश्रण ४० अंशांच्या खाली आल्यावर घालायचा, हेही ठरलं.

एक घटक काढायचा, बाकी सगळं तसंच ठेवायचं. बोलायला सोपं आहे. पण बिघडलेली बॅच समोर असताना हात शिवशिवतात, तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा इमल्सिफायरही बदलावासा वाटतो, तेलही, तापमानही, आणि मग पुढची बॅच टिकली तरी का टिकली ते कळत नाही. त्या शिवशिवणाऱ्या हातांना तुम्ही वेळोवेळी आवरलंत.

क्रीम फाटण्याच्या बाबतीतही तुमचा प्रश्न साधाच असायचा: "हलवल्यावर परत एकजीव होतं का?" होत असेल तर तेलाचे थेंब अजून शाबूत आहेत, फक्त वर जमले आहेत. होत नसेल, वर मोकळं तेल तरंगत असेल, तर थेंब एकमेकांत मिसळून गेले आहेत, आणि ते हलवून परत येणार नाहीत. दोन्हींना आपण सरसकट "फाटलं" म्हणतो, पण औषध वेगळं. थेंब नुसते वर येत असतील तर स्टोक्सचा १८५१ चा नियम कामाला येतो: वर येण्याचा वेग थेंबाच्या त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून. थेंब निम्मा केला की वेग चौथाई. त्यामुळे माझ्या हलक्या लोशनमध्ये इमल्सिफायर न वाढवता होमोजिनायझर (थेंब बारीक करणारं यंत्र) जास्त वेळ चालवून बघायला सांगितलंत. काचपट्टीवर लोशनचा कण, वर पातळ काच, आणि सूक्ष्मदर्शकाखाली आधीचे आणि नंतरचे थेंब शेजारी शेजारी. आधीच्यात मधूनच मोठे फुगीर गोल दिसत होते, नंतरच्यात सगळे बारीक आणि जवळपास सारखे. तो फरक डोळ्यांनी बघितल्यावर पटवून देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कार्बोमर या घट्टपणा आणणाऱ्या घटकाचं जेल पाण्यासारखं पातळ झालं, त्याबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तुम्ही ते घटकांची यादी ऐकता ऐकताच ओळखलंत. "सोडियम पीसीए कितवं घातलंस?" ओलावा धरणारा तो क्षार मी शेवटी घातला होता. कार्बोमरच्या साखळीवरचे ऋणभार एकमेकांना दूर लोटतात म्हणून ती फुलून राहते आणि जेल घट्ट होतं. मिठासारखा घटक आला की त्याचे सोडियम आयन ते भार झाकतात आणि साखळी आक्रसते. ओलावा धरायला ग्लिसरीन घेतलं, क्षार काढला, जेल उभं राहिलं. क्षार हवाच असेल तर घट्टपणासाठी झँथन गम घ्यावा, तो क्षार जास्त सोसतो, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत आणि ते मला पुढे फार उपयोगी पडलं.

पण ताई, सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते तुमच्या कठोरपणाचे. नवं लोशन महिनोन्‌महिने टिकलं, वास नाही, ठिपके नाहीत, पीएच जागेवर. मला ते लोकांना द्यायची घाई झाली होती. तुम्ही ठाम नाही म्हणालात. डोळ्यांना न दिसणारा दोषच जास्त घातक, हे तुमचं म्हणणं. स्यूडोमोनास एरुजिनोसासारखा जिवाणू पाणी असलेल्या क्रीममध्ये वाढत असला तरी रंग किंवा वास बदलेलच असं नाही, आणि हे लोशन जाणार होतं चिरलेल्या, भेगाळलेल्या कातडीवर, जिथे जंतूंना वाट आधीच मोकळी असते. आयएसओ ११९३० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चॅलेंज टेस्ट झाल्याशिवाय एकही बाटली बाहेर जाणार नाही, हे तुम्ही माझ्याकडून कबूल करून घेतलंत. त्या चाचणीत तीन जिवाणू, एक यीस्ट आणि एक बुरशी मुद्दाम लोशनमध्ये सोडतात आणि २८ दिवस त्यांची संख्या किती घटते ते मोजतात. "ताजा नमुना पाठवू नकोस, ४० अंशांना तीन महिने राहिलेला पाठव," हेही तुमचंच. ताज्या लोशनमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह चाललं असतंच. प्रश्न होता तो जुन्या लोशनचा.

अहवाल आला आहे. पाचही सूक्ष्मजीवांच्या बाबतीत लोशन निकषांत बसलं. तुमच्या शिस्तीप्रमाणे शेजारी त्या दिवसाचा पीएचही लिहून ठेवला आहे: ५.०.

आणि हो, तुमच्याकडे नवं काम घेऊन येते आहे. शिया बटरचं एक बाम थोड्या दिवसांत दाणेदार होतं. त्यातल्या मेदाचे स्फटिक सावकाश थंड होताना मोठे होत असावेत, असं मला वाटतं, पण ही अजून अटकळ आहे. एकाच बॅचचा अर्धा भाग झपाट्याने थंड केला आहे, अर्धा ओट्यावर आपोआप निवू दिला आहे, बाकी काहीही बदललेलं नाही. नोंदी चालू आहेत. फरक दिसला की फोन करते.

तुमची ऋणी,
युरियाच्या लोशनवाली