चि. मृणालला, रुजू होण्याआधी

चि. मृणाल,

अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवल्यावर आई म्हणाली, जे सांगायचंय ते नीट लिहून पाठवा, फोनवर बापलेक मशीनवरच बोलत बसता. म्हणून हे पत्र.

सोमवारी फिटरची नवी तुकडी तुझ्यासमोर उभी राहील. दहावी करून आलेली वीस पोरं, आणि तू त्यांची शिल्प निदेशक, त्यांना हातकाम शिकवणारी. तू विचारलंस, "पहिल्या दिवशी कडक राहू की मोकळी?" आयटीआयमध्ये नव्याने लागलेला प्रत्येक जण हेच विचारतो. पण पोरांच्या मनात तो प्रश्न नसतो. ती दोनच गोष्टी हेरत असतात. मॅडमना स्वतःला काम येतं का, आणि ते आपल्याला शिकवायची त्यांची तयारी आहे का. ह्या दोन्हींचं उत्तर होकारार्थी मिळालं की तुझा कडकपणा त्यांना जाचत नाही आणि मोकळेपणाचा कुणी गैरफायदा घेत नाही.

तेव्हा भाषण करू नकोस. फळ्यावर नाव लिही, दोन वाक्यांत स्वतःची ओळख दे, आणि सगळ्यांना घेऊन सरळ व्हाइसपाशी, तुकडा घट्ट पकडायच्या शिकंज्यापाशी, जा. अभ्यासक्रम, हजेरीचे नियम, परीक्षा हे सगळं दुपारी सांगता येतं. सकाळच्या पहिल्या तासात त्यांनी तुझे हात बघायला हवेत.

एमएस फ्लॅटचा, साध्या पोलादी पट्टीचा, एक तुकडा घे. व्हाइसच्या जबड्यावर तो पाच-सहा मिलिमीटरच राहू दे, जास्त वर राहिला तर थरथरतो आणि कानस किंचाळायला लागते. डावा पाय पुढे घेऊन उभी राहा. पुढे जाताना दाब, मागे येताना दाब सोडून. सुरुवातीला डाव्या हाताचा जोर जास्त आणि कानस पुढे सरकेल तसा तो उजव्या हाताकडे जातो, हे तोंडाने सांग आणि सावकाश करून दाखव. मग मुद्दाम नवख्यासारखे चार हात मार, कानस वर-खाली हलवत. काटकोन तपासायच्या गुण्याचं पातं जॉबवर, म्हणजे घासलेल्या तुकड्यावर, टेकव, खिडकीकडे धर आणि बघायला सांग. दोन्ही टोकांना उजेड दिसेल, मधे दिसणार नाही. म्हणजे मधला भाग फुगलाय. त्यांना विचार, आता कुठे घासायचं? कुणीतरी बरोबर सांगतोच. तो सांगेल तिथे घास आणि पुन्हा गुण्या लाव.

वीसच्या वीस जणांना गुण्या हातात घेऊन बघू दे. वेळ जाईल, जाऊ दे. मागे उभा असलेला, कधी पुढे न येणारा पोरगाही गुण्या उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघेल. त्या घटकेला त्याला कळतं की इथे जॉब बरोबर की चूक हे गुण्या ठरवतो, आणि मॅडमच्या जॉबलाही तोच गुण्या लागतो. शाळेत दहा वर्षं "तुला काही येत नाही" ऐकून आलेल्या पोराला ह्याचा केवढा आधार वाटतो, ते मी नोकरीभर पाहिलंय. माझ्या मते पहिल्या दिवशी ह्याहून मोठं काही शिकवता येत नाही.

नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांचा १९९३ सालचा एक अभ्यास आहे. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्यांच्या चित्रफितींचे दहा-दहा सेकंदांचे तीन तुकडे, आवाज पूर्ण बंद करून, त्यांना कधीही न भेटलेल्या लोकांना दाखवले आणि गुण द्यायला लावले. सत्र संपताना त्यांच्या खऱ्या विद्यार्थ्यांनी दिलेलं मत त्या गुणांशी बरंच जुळलं. पुढे तुकडे आणखी छोटे, अगदी दोन सेकंदांचे केले, तरी मेळ राहिला. लोक ह्यातून "पहिले तीस सेकंद जिंका" असा अर्थ काढतात. मला त्यातलं आवाज बंद असणं जास्त महत्त्वाचं वाटतं. माणूस काय बोलतोय हे कळतच नव्हतं, तरी तो कामात आहे, समोरच्यांकडे त्याचं लक्ष आहे, हे दिसत होतं. हेही खरं, की विद्यार्थ्यांना निदेशक आवडला म्हणजे ते काम शिकले असं होत नाही, आणि त्या अभ्यासात मोजलं होतं ते विद्यार्थ्यांचं मत. आपल्याकडे दोन वर्षांनी पोराच्या हातात मापात बसणारा जॉब असतो किंवा नसतो. पण सुरुवात डोळ्यांनीच होते, एवढं त्यातून नक्की घे.

डोळ्यांना काय दिसेल याची तयारी सोमवारी सकाळी होत नाही. शनिवारीच स्टोअरकीपरना भेट. कानशी, हॅक्सॉ, गुण्ये, पोलादी पट्ट्या, सेंटर पंच मोजून घे. प्रत्येक कानशीला मूठ घट्ट बसलीय का बघ. सगळे व्हाइस फिरवून बघ, जाम असेल त्याला तेल घाल. मटेरियल आलेलं नसेल तर जुन्या जॉबचे तुकडे गोळा करून ठेव, पण पहिल्या दिवशी कुणाचाही हात रिकामा राहू देऊ नकोस. मटेरियल नाही म्हणून पोरं आठवडाभर कट्ट्यावर बसलेली मी पाहिली आहेत. इथे आलं तरी चालतं आणि नाही आलं तरी चालतं, हे ती त्या आठवड्यात शिकतात, आणि मग दोन वर्षं ते त्यांच्या डोक्यातून काढणं फार जड जातं.

व्हाइसची उंची कोपराइतकी हवी, हे तू सीआयटीएसला, निदेशकांच्या प्रशिक्षणात, शिकली आहेस. तिथे सगळे मोठे होते. इथे एखादा पोरगा अजून वाढीला लागलेला असतो, त्याचे खांदे वर येतात आणि कानस तिरपी जाते. त्याच्या पायाखाली लाकडी फळी आधीच तयार ठेव आणि काही न बोलता सरकव. चारचौघांत त्याच्या उंचीचा उल्लेख नको.

आता नावांचं. हे मी जरा ठासून सांगतो. प्रवेशाच्या यादीत आडनाव असतं, प्रवर्ग असतो, दहावीचे गुण असतात. ती यादी घेऊन वर्गात जाऊ नकोस. तुझ्या हाताने वेगळा कागद कर, त्यावर फक्त पहिली नावं, आणि ती रविवारी पाठ कर. एकाच नावाचे दोघे असतील तर त्यांनाच विचार, तुम्हाला कसं हाक मारू? आपल्याकडे "आडनाव काय?" ह्या प्रश्नामागे काय विचारलं जातंय हे सोळा वर्षांच्या पोराला पक्कं ठाऊक असतं. उत्तर देताना तो तुझ्या चेहऱ्याकडे बघतो, आणि तिथे जे दिसेल ते तो दोन वर्षं विसरत नाही. "किती टक्के पडले?" हेही नको आणि "आयटीआयलाच का आलास?" हे तर अजिबात नको. विचारायचंच असेल तर विचार, घरी कधी काही दुरुस्त केलंयस का? कुणी सायकलची चेन सांगेल, कुणी पाण्याची मोटर. तिथून तुला प्रत्येकाचा हात कळायला लागेल.

तुकडीत मुली असतील, बहुधा एक-दोनच. त्यांना स्वतःजवळ कोपऱ्यात उभं करू नकोस आणि वह्या-रजिस्टरचं काम त्यांच्या गळ्यात घालू नकोस. त्यांच्याही हातात तीच तीनशे मिलिमीटरची, जाड दात्यांची बास्टर्ड कानस दे. तू स्वतः बॉयलर सूट आणि सेफ्टी शूजमध्ये जा, केस घट्ट बांधून, हातात बांगडी नको. उद्या "शर्ट खोचा, सैल बाही चालणार नाही" असं सांगशील तेव्हा ते आज तुझ्या अंगावर दिसलेलं असायला हवं. सुरक्षेचे नियम लांबलचक वाचून दाखवण्यापेक्षा मूठ निघालेली एक कानस हातात घे, तिचं टोकदार शेपूट तळहातात कसं घुसतं ते समजाव आणि सगळ्यांदेखत ती बाजूला काढून ठेव. कीस फुंकायचा नाही, ब्रशने झाडायचा, हेही तिथल्या तिथे दाखव.

कुणीतरी तुला जोखणार. बहुतेक तो पोरगा असतो ज्याच्या वडिलांचं किंवा काकांचं वर्कशॉप आहे. "मॅडम, लेथवर आटे कापता येतात का तुम्हाला?" असं काहीतरी विचारेल, बाकीचे खाली बघून हसतील. त्याचा राग मानू नकोस, त्याला खरंच काहीतरी येतं. येतात म्हणून सांग आणि वेळ आली की कापून दाखव. एखादी गोष्ट माहीत नसेल तर "उद्या बघून सांगते" म्हण, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीनंतर आधी तेच सांग. त्या पोराला पुढे शेजारच्या व्हाइसवरच्याला मदत करायला लाव. तो तुझ्या बाजूचा होतो.

मी सुरुवातीपासून "पहिला दिवस" म्हणतोय, पण प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात, पोरं मागून येत राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतला, समुपदेशन फेरीतला पोरगा दारात उभा राहतो तेव्हा बाकीच्यांचे गट पडलेले असतात, जागा धरलेल्या असतात आणि निदेशक मार्किंग शिकवण्यात गुंतलेले. त्याला "बस तिथे, बघ ते काय करतात" म्हटलं जातं, आणि पुढे हजेरीतून गळणाऱ्यांत असेच बरेच असतात. अशा प्रत्येकासाठी हातातलं काम थांबव. त्याचं नाव विचार, त्याचा व्हाइस दाखव, फ्लॅटचा तुकडा लाव, चार हात मारून गुण्या त्याच्या हातात दे. वेळ नसेल तर आधीच्या एखाद्याला हे करायला सांग, पण नाव मात्र तूच विचार.

नाना काकांनी त्यांचा जुना गुण्या तुझ्यासाठी काढून ठेवलाय. मी तो अगदी सपाट अशा सरफेस प्लेटवर तपासून घेतलाय, काटकोनात बरोबर आहे. कुरिअरने पाठवतोय, शुक्रवारपर्यंत मिळेल. नाही मिळाला तर शनिवारी स्टोअरमधला घे, पण आधी तपासून. गटनिदेशकांना माझा नमस्कार सांग. सोमवारी रात्री जेवण झालं की फोन कर, किती जण आले ते सांग.

तुझे,
बाबा