फोटोत न दिसलेल्या शिवणकामाचे आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण शिवलेल्या, १८८५ च्या सुमाराच्या युरोपीय पोशाखाचे फोटो पाहणारा रेशमी झग्याचं कौतुक करेल. झगा ज्यांच्या आधारावर उभा राहिला ते आतले कपडे मात्र दिसत नाहीत, आणि ते तुमचे. असं काम हाती घेणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून हे आभार जाहीरपणे मानतो.

आधी आतलं पूर्ण शिवायचं, ते अंगावर चढवायचं आणि मगच झग्याची मापं घ्यायची, हा तुमचा हट्ट सर्वांत मोलाचा. कॉर्सेट (उभ्या सळ्या घातलेली, पाठीमागे दोरीने आवळायची घट्ट आतली चोळी) आवळला की कंबर आत जाते, छाती वर सरकते. साध्या अंगावरची मापं मग काय कामाची?

कॉर्सेटचा हिशेब तुम्ही मांडून दिलात. कंबर ७१ सेंमी, आवळायची ५, पाठीमागे दोन कडांमध्ये मोकळी जागा ५, म्हणजे कापड बेतायचं ६१ चं. ती मोकळी जागा वरपासून खालपर्यंत सारखी हवी. कच्च्या नमुन्यात ती खाली फाकली, तेव्हा दोरी आणखी न ओढता तुम्ही कडेच्या तुकड्यांची खालची रुंदी वाढवलीत. नितंबांवर घेरच कमी पडत होता. नमुना पातळ मांजरपाटाचा नको, हेही तुमचंच. तो ताणतो आणि बसत नसलेलं मापही बसल्यासारखं दाखवतो. घट्ट विणीचं कापड आणि त्यात तात्पुरत्या सळ्या हव्यातच.

कंबरेच्या रेषेवर, दोन थरांच्या मध्ये, न ताणणारी २ सेंमीची फीत. सगळा ताण तिथेच येतो. फीत नसेल तर टीप उसवण्याआधी कापडच सैल पडतं. प्रत्येक सळई तिच्या कापडी नळीपेक्षा सव्वा सेंमीने आखूड, नाहीतर टोक कापड फाडून बाहेर येतं. दोरीची भोकं कापून न पाडता टोकदार आरीने धागे बाजूला सारून केलीत, म्हणून आयलेट (भोकांत बसवलेल्या धातूच्या कड्या) उपटले नाहीत. (त्या काळी सळ्या अनेकदा देवमाशाच्या तोंडातल्या गाळणीच्या पट्ट्यांच्या असत. आपल्या पोलादी. आत डोकावून कोण बघतंय!)

शमीज आणि चोळणा साधेच. शमीज हा आपला शब्दही त्यांच्याच घरातला. ती कॉर्सेटच्या आत, कारण घाम तिने टिपायचा. कॉर्सेट काही रोज धुता येत नाही. चोळण्याचे दोन्ही पाय फक्त कंबरपट्टीला जोडलेले, मधे शिवण नाही. हसू येतं, पण एवढ्या थरांत नैसर्गिक विधीसाठी दुसरी सोय नव्हती.

झग्याला मागे फुगवटा देणाऱ्या पोलादी सांगाड्यावर झालरीचा परकर तुम्ही घालायला लावलात. तो नसता तर बाजूच्या प्रकाशात पोलादी कड्यांच्या रेघा झग्यावर उमटल्या असत्या. आणि बूट कॉर्सेटच्या आधी! नंतर वाकायचं कुणी?

एकच राहिलंय. कॉर्सेटची पुढची पोलादी पट्टी खुर्चीत बसल्यावर मांडीला टेकते. कागदी बेतावर ती २ सेंमीने आखूड केली आहे. लाल रेघ एकदा पाहून घ्या.

आपले,
पोशाख विभागातले सगळे